कोपरापर्यंतचा हात

सायलेंटला कामावरून काढून एकोणीस दिवस झाले होते आणि गाई अजून घाबरत होत्या.

धाकटीने हे वाक्य येताना गाडीत मनाशी घोळवलं होतं. स्वयंपाकघरात शिरल्यावर तिने ते जसंच्या तसं म्हटलं आणि लॅपटॉप टेबलावर ठेवला. रविवार होता. सकाळचं दूध काढून झालं होतं, टँकर गेला होता, तिचे वडील अण्णा मागे अंघोळीला गेले होते. त्यांना अर्धा तास लागे. तेवढ्यात काय ते बोलून घ्यावं असा तिचा बेत होता.

"आल्या आल्या सुरू," थोरला म्हणाला. "आधी चहा तरी घे."

"दादा, बाराला ट्रक येतोय ना?"

"येतोय."

"मग चहा नंतर."

आत्याने तरीही कप पुढे सरकवला. वहिनी सिंकपाशी पाठमोरी उभी होती. ती गुरांची डॉक्टर, लग्न करून या घरात आली तेव्हापासून गोठ्याचं दुखणंखुपणं तिच्याकडेच होतं. तिने नळ बंद केला, पण वळली नाही.

वर्षापूर्वी धाकटीनेच गोठ्यात गाईंवर नजर ठेवणारी यंत्रणा बसवली होती. शहरातल्या ज्या कंपनीत ती कामाला होती, तिथे हेच तिचं काम. दीडशे गाईंच्या गळ्यात पट्टे आले. गाय किती वेळ रवंथ करते, किती बसते, किती चालते, हे पट्टा मोजायचा. दूध काढायच्या जागेवर कॅमेरे लागले. गाईने पाय किती वेळा उचलला, अंग कुठे झुकवलं, कान कसे धरले, हे ते बघायचे. एकेका गाईचा नेहमीचा दिवस कसा असतो हे प्रोग्राम शिकून घ्यायचा आणि त्यात फरक पडला की सांगायचा. सुरुवातीला थोरला त्याला 'गाईंचा गुप्तहेर' म्हणून हसला. मग एका गाईचा मागचा पाय दुखतोय हे प्रोग्रामने घरातल्या कुणाच्याही दोन दिवस आधी सांगितलं, आणि त्या दिवसापासून थोरला डोळ्यांवर चष्मा चढवायच्या आधी फोन बघायला लागला.

तीन महिन्यांपूर्वी सकाळच्या पाळीत बिथरणाऱ्या गाईंचा आकडा चढायला लागला. गाई दारातच अडायच्या, दूध काढायच्या मशीनचे कप लावताना लाथा झाडायच्या, पान्हा चोरायच्या. सातजणींच्या कासा सुजल्या. सकाळी दूध काढायला दोघंच असत, अण्णा आणि गडी सायलेंट; फारसं बोलत नसे म्हणून त्याला सगळे सायलेंटच म्हणत. अण्णांनी पंचावन्न वर्षं गाई दोहल्या होत्या, त्यामुळे त्यांचा विचारही कुणी केला नाही. थोरल्याने सायलेंटला बोलावून सांगितलं की मशीनला कुणाशी वैर नाही, तू गाईंना मारतोस हे दिसतंय. अकरा वर्षं काम केलेल्या माणसाने गमबूट पिशवीत घातले आणि तो निघून गेला.

"एकोणीस दिवसांत आकडा उतरायला हवा होता," धाकटी म्हणाली. "चढलाय."

"नवा माणूस आहे. गाईंना त्याची सवय नाही."

"नव्या माणसाच्या आधीपासून चढतोय, दादा."

"मग त्या लाथा मारणाऱ्या तिघी आहेत ना. त्यांच्यामुळे बाकीच्या बिथरतात. म्हणून तर ट्रक बोलावलाय."

त्या तिघींमध्ये बेचाळीस नंबरची गाय होती. ती प्रत्येक गोष्टीला हरकत घेई म्हणून अण्णा तिला वकीलबाई म्हणत. पण तिने याआधी कधी कुणाला लाथ मारलेली नव्हती. दोन आठवड्यांत चारदा मारली होती.

"कत्तलखान्यात पाठवायच्या आधी," धाकटी म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी एक बघा. एवढंच म्हणते मी."

* * *

थोरल्याला बघायचं नव्हतं. बहीण महिन्यातून दोन रविवार यायची आणि आली की काहीतरी चुकलेलं दाखवायची. उरलेले अठ्ठावीस दिवस चिखल, शेण आणि नादुरुस्त पंप यांच्याशी तो झगडायचा. शिवाय सायलेंटचा विषय त्याच्या लेखी संपला होता. तो संपावा म्हणून त्याने आजूबाजूच्या चार गोठ्यांना स्वतः फोन करून सांगितलं होतं की हा माणूस जनावरांना मारतो, ठेवू नका. शेजारधर्म म्हणून सांगितलं, असं तो बायकोला म्हणाला होता.

"आकडे मला रोज फोनवर येतात," तो म्हणाला. "नवीन काय दाखवणार तू?"

"आकडे नाही. क्लिपा. गाय फार बिथरली की प्रोग्राम तेवढे वीस सेकंद जपून ठेवतो. आजवर कुणी उघडल्याच नव्हत्या."

"कुणी म्हणजे?"

"मी. मीच उघडल्या नव्हत्या." तिने खुर्ची ओढली. "तू सायलेंटला काढलंस तेव्हा मी फोनवर म्हटलं होतं, आकडा कुठे आणि कधी एवढंच सांगतो, कोण ते सांगत नाही. एवढं म्हणून मी फोन ठेवला. त्याच दिवशी क्लिपा उघडायला हव्या होत्या."

"मग सायलेंटच दिसत असणार त्यात."

"माणूस दिसतच नाही. अण्णांची अट विसरलास? गाई बघायच्या तर गाई बघा, माणसांवर पाळत नको. म्हणून कॅमेरे असे लावलेत की फक्त कास दिसते आणि हात. कोपरापर्यंत."

तिने पहिली क्लिप लावली. दूध काढणारा माणूस गाईंच्या दोन रांगांमधल्या खड्ड्यात उभा राहायचा, म्हणजे कास त्याच्या छातीशी यायची. चित्र वरून घेतलेलं, रंग नसलेलं. गाईचे मागचे पाय, मध्ये कास. एक हात आला. त्याने सड चिमटला, जरुरीपेक्षा कितीतरी जोरात, आणि तसाच धरून ठेवला. गाईने पाय उचलला. कप तिरका बसला. हात पुन्हा आला, कप ओढला, पुन्हा दाबला. गाय थरथरली.

मग डाव्या बाजूने दुसरा हात आला. त्याने कप हळूच काढून सरळ लावला, गाईच्या मांडीवर दोनदा थोपटलं आणि निघून गेला.

थोरल्याने पहिला हात ओळखला होता. बाहीची घडी ओळखीची होती आणि अंगठ्याच्या मुळाशी जुन्या विळ्याचा व्रण होता.

"ही काढायच्या आधीची," धाकटी म्हणाली. "अशा एकतीस आहेत. एकतीसच्या एकतीस वेळा दुसरा हात येतो आणि निस्तरतो. आता ही परवाची."

परवाच्या क्लिपमध्ये दुसरा हात आलाच नाही. वकीलबाईने लाथ मारली आणि कप खड्ड्यात पडले.

"बंद कर ते," थोरला म्हणाला.

* * *

आत्याला स्क्रीनवरचं नीट दिसत नव्हतं, आणि बघायची तिला गरजही नव्हती. ती अण्णांची धाकटी बहीण. अर्धा गोठा तिच्या नावावर होता आणि भावाच्या सवयी तिला मुलांपेक्षा जास्त माहीत होत्या. अण्णांनी बटणांचे सदरे घालायचं सोडलं ते तिला पहिल्या आठवड्यातच कळलं. मग एकदा गरम तव्याला त्यांची बोटं टेकली आणि ते तसेच बोलत राहिले. तिनेच त्यांचा हात उचलून बाजूला केला. मलम लावलं. दोघांपैकी कुणीही त्यावर शब्द काढला नाही.

"त्याच्या हाताला कळत नाही," ती म्हणाली. "चार-पाच महिने झाले."

सगळे तिच्याकडे वळले.

"काय कळत नाही?"

"गरम, थंड. काय धरलंय, किती जोरात धरलंय. काहीच नाही."

"आत्या, तुला माहीत होतं?" थोरल्याचा आवाज वर गेला. "माहीत होतं आणि तू मला सायलेंटला काढू दिलंस?"

"मला वाटलं तू गाईंचं बोलतोयस. तुझ्या त्या आकड्यांतलं मला काय कळतं?"

"तेवढं कळत होतं तुला."

आत्याने पदर सारखा केला. "हो," ती म्हणाली. "कळत होतं. पण त्या खड्ड्यातून त्याला वर काढलं तर तो काय करेल सांग मला. दिवसभर काय करेल? खुर्चीत बसेल? मी म्हटलं, अजून काही दिवस जाऊ देत. सायलेंटला कुठेही काम मिळेल."

"नाही मिळालं," वहिनी म्हणाली.

ती आता वळून सिंकला टेकून उभी राहिली.

"दोन ठिकाणी त्याला दारातूनच परत पाठवलं. हा सगळ्यांना फोन करून बसला होता. सायलेंट आता फुलझाडांच्या नर्सरीत ट्रे उचलतो. मी भेटले त्याला मागच्या आठवड्यात."

"तू भेटलीस? आणि मला बोलली नाहीस?" थोरला म्हणाला.

"तू ऐकणार होतास?"

* * *

वहिनीला नवऱ्याचा राग आला नव्हता. स्वतःचा आला होता. सातही गाईंच्या कासा तिनेच तपासल्या होत्या. मारलेल्या जनावराचं अंग कसं असतं हे तिला माहीत होतं. पाठीवर वळ असतात, शेपटीचं हाड दुखरं असतं, माणूस जवळ आला की मान आत ओढली जाते. इथे तसं काहीच नव्हतं. फक्त सड चिरडलेले. तिने ते वहीत लिहिलं आणि वही मिटून टाकली. सकाळी खड्ड्यात दोनच माणसं असतात, आणि त्यातला एक नसेल तर दुसरा, एवढा हिशोब तिलाही जमत होता. तो तिने पुरा केला नाही. मग ट्रकच्या कागदावर तीन गाई 'धोकादायक' आहेत म्हणून सहीसुद्धा केली.

"मणक्यात शीर दबली असेल," ती म्हणाली. "किंवा साखर असेल. मी माणसांची डॉक्टर नाही. पण हे औषधाचं काम आहे, गुन्ह्याचं नाही. त्यांना सांगायला हवं."

"मी नाही सांगणार," थोरला म्हणाला.

"मी सांगते," धाकटी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा उतरला. गाडीतून येताना तिने फक्त भावाला खोटं पाडायचा विचार केला होता. त्याच्या पुढचं तिच्या डोक्यात नव्हतं.

"कुणी काही सांगू नका," आत्या म्हणाली. "ट्रक परत पाठवा. सायलेंटला बोलावून घ्या. तो आधी जसं सांभाळत होता तसं सांभाळेल. अण्णाला कळायचंच कारण नाही."

थोरल्याला ते पटलं. पटलं हे त्याच्या तोंडावर दिसलं, आणि धाकटीनेही मान हलवायला सुरुवात केली होती.

"आणि सायलेंटवर जो आळ आहे?" वहिनीने विचारलं. "तो तसाच ठेवायचा? आपल्या सोयीसाठी?"

तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि केस पुसत अण्णा आत आले.

* * *

चौघंजण एकदम गप्प झाले की आपल्याबद्दलच चाललं होतं हे अण्णांना कळत असे. त्यांनी टॉवेल खुर्चीवर टाकला.

"गाईंची क्लिप आहे का ती? बघू."

"अण्णा, नंतर," धाकटी लॅपटॉप मिटायला गेली.

"आता दाखव. माझ्याच गाई आहेत ना?"

तिने भावाकडे पाहिलं. भावाने खिडकीकडे पाहिलं. तिने क्लिप लावली.

अण्णा स्क्रीनवर वाकले. ते आधी गाय बघायचे, माणूस नंतर. "एकशे सात," त्यांनी कासेवरून ओळखलं. "बघ, सड कसा धरलाय. अरे, ती काय दोरी आहे? ... तिरका बसला. हवा ओढतोय कप. आवाज येत असणार, तरी याला ऐकू येत नाही. ओढ, ओढ अजून. गाय पाय उचलून सांगतेय आणि हा ढिम्म." त्यांनी मान हलवली. दुसरा हात आला आणि थोपटून गेला. "हा सायलेंट. बोटांवरून कळतो. पण आधीचा कोण आहे? संध्याकाळच्या पाळीचा पोरगा का? अजून एक लाव."

धाकटीने परवाची क्लिप लावली.

"बाप रे. वकीलबाई आहे ही. हिला असं? शिकवलं कुणी याला? असा माणूस माझ्या खड्ड्यात एक दिवस नको. ऐकलंस का? एक दिवस नको."

थोरला खिडकीबाहेरच बघत होता.

"काय म्हणतोय मी?"

आत्या रडायला लागली होती. अण्णांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. सून त्यांच्याच हाताकडे बघत होती. त्यांनीही पाहिलं. मग पुन्हा स्क्रीनवर, जिथे चित्र शेवटच्या क्षणावर थांबलं होतं, बाहीची घडी आणि अंगठ्याचा व्रण दिसत होता.

ते हळूच बसले. टेबलावर दोन्ही पंजे उताणे ठेवले आणि एकेक बोट मिटून बघितलं.

"मुंग्या यायच्या," ते म्हणाले. "मला वाटलं थंडीने."

"अण्णा, डॉक्टरांकडे जाऊ," वहिनी म्हणाली. "मंगळवारी नेते मी तुम्हाला."

"गाईंच्या पान्ह्याचं मी तुम्हाला काय सांगितलं होतं? माणूस बदलला की चोरतात म्हणालो होतो. माणूस बदललाच नव्हता." ते थांबले. "सायलेंटला यासाठी काढलं?"

"हो," थोरला म्हणाला.

"तो काही बोलला नाही?"

थोरल्याला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ते आठवलं. "जाताना म्हणाला, जरा अण्णांकडे बघा. मला वाटलं, निरोप घेतोय."

धाकटीने लॅपटॉप मिटला.

"ट्रकवाल्याला सांग येऊ नकोस म्हणून," अण्णा म्हणाले. "आणि गाडी काढ."

"कुठे जायचंय?"

"सायलेंट असेल तिथे."

"फुलझाडांच्या नर्सरीत आहे तो. कुठे ते मला माहीत आहे," वहिनी म्हणाली.

"मी जाऊन येतो, अण्णा. तुम्ही कशाला? माफी मागतो, घेऊन येतो त्याला."

"तू माफी मागशील ती तुझी. माझी कोण मागणार?"

* * *

नर्सरीतल्या लांबट प्लॅस्टिकच्या शेडमध्ये दमट उकाडा होता. सायलेंट रोपांचे ट्रे एका हातगाडीवर रचत होता. अण्णांना बघून त्याने काम थांबवलं. थोरल्याला बघून पुन्हा सुरू केलं.

थोरल्याने माफी मागितली. वाटेत त्याने शब्द जुळवले होते, तरी ती तुटक झाली. सायलेंटने ऐकून घेतली.

"तुला माहीत होतं," अण्णा म्हणाले.

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रोज विचारायचात, आज गाई अशा का करतायत. काय सांगू? तुमच्यामुळे?" सायलेंटने ट्रे ठेवला. "वाटलं, मी आहे तोवर चालेल."

"आणि याला?"

"यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. सगळं आधीच ठरलं होतं."

थोरल्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "परत ये. सकाळची पाळी तुझी. खड्ड्यात काय करायचं, कुणी करायचं, सगळं तू ठरवायचं."

"आणि अण्णा?"

"मी खड्ड्यात उतरत नाही आता," अण्णा म्हणाले. हे वाक्य त्यांनी घरात कुणापुढेही म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा म्हटलं ते इथे, रोपांच्या मध्ये उभं राहून. "दारात उभा राहीन. गाय कशी चालते ते डोळ्यांनी अजून दिसतं मला."

सायलेंटने विचार केला. "मी येईन," तो म्हणाला. "पण चार ठिकाणी फोन गेलेत माझ्या नावाचे. मी जनावर मारतो म्हणून. मी आलो तरी ते तसंच राहणार. लोक म्हणतील, दया आली म्हणून परत घेतला."

"मी सांगतो सगळ्यांना, चूक झाली म्हणून," थोरला म्हणाला.

"कुणाची?"

बापाचं नाव घेतल्याशिवाय थोरल्याला ते वाक्य पुरं करता येत नव्हतं.

"पहिला फोन लाव," अण्णा म्हणाले. "आणि माझ्या हातात देऊ नको, पडेल. कानाला धर."

थोरल्याने फोन लावला आणि बापाच्या कानाला धरला. पलीकडे अण्णांच्याच वयाचा एक जुना गोठेवाला होता. दोघांची चाळीस वर्षांची चढाओढ होती.

"मी बोलतोय," अण्णा म्हणाले. "आमच्या माणसाबद्दल तुला काही सांगितलं होतं, ते खोटं आहे. त्याने जनावराला बोट लावलं नाही. गाई बिघडवल्या त्या मी. ... मीच. हात गेलेत माझे. तो माझ्यामागून निस्तरत होता. ... नाही, दुखत नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं. ठेवतो. अजून फोन करायचेत."

दुसऱ्याला त्यांनी हेच सांगितलं, तिसऱ्यालाही. चौथ्याने हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, तेव्हा अण्णांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. आवाज सगळ्या वेळी सारखाच होता. थोरल्याचा हात भरून आला तसा त्याने फोन दुसऱ्या हातात घेतला. सायलेंट हातगाडीची मूठ धरून चारही फोन संपेपर्यंत उभा राहिला.

"झाले," अण्णा म्हणाले.

"एक राहिला," सायलेंट म्हणाला.

"चारच होते ना?" थोरल्याने विचारलं.

"माझ्या बायकोला कुणीतरी सांगितलं." सायलेंट रोपांकडे बघत होता. "ती म्हणते, अकरा वर्षांनी असं उगाच कोण काढतं? तू मारलंच असशील. मी नाही म्हटलं. तिला पटत नाही."

अण्णांनी मुलाकडे पाहिलं. थोरल्याने नंबर विचारला, लावला आणि फोन पुन्हा बापाच्या कानाला धरला. रिंग बराच वेळ वाजली.

"ताई," अण्णा म्हणाले, "मी गोठ्यावरून बोलतोय. तुमच्या नवऱ्याचा मालक. तुम्हाला जे कळलं ते खरं नाही. त्याने मारलं नाही. मी गाईंना दुखवत होतो आणि तो ते झाकत होता. मला ते आज कळलं."

अण्णा थांबले. शेडच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी पाण्याचा पंप सुरू केला.

"तो तिथे आहे का?" तिने विचारलं.

"समोरच उभा आहे."

"मग द्या त्याच्याकडे."

थोरल्याने फोन पुढे केला. सायलेंटने हात पँटला पुसले, फोन घेतला आणि पाठ फिरवून दोन रांगांमधून चालत लांब गेला. बापलेक तिथेच उभे राहिले. थोड्या वेळाने अण्णा पुढे झाले, अर्धी रचलेली हातगाडी त्यांनी कोपरांनी ढकलून सावलीत घेतली आणि मुलाला म्हणाले, "तो बोलतोय तोवर ते ट्रे रच. नीट रच, त्याला पुन्हा करायला लावू नकोस."